छपरातलं भोक

८ ऑक्टोबर १९९८

देवसुख,

तू पाठवलेला विजेचा हीटर पोचला. जियालालच्या दुकानापासून घरापर्यंतचा चढ मी तो पाठीवर बांधून आणला, आमाच्या पुढ्यात ठेवला आणि बटण दाबलं. त्याची तार जराशी लाजल्यासारखी गुलाबी झाली आणि तशीच राहिली. आमाने हात पुढे केले, मागे घेतले आणि विचारलं, "हा पेटणार कधी?" मी म्हटलं, पेटलाय की. त्यावर ती इतकी हसली की खोकल्याची उबळ आली आणि तिला पाणी पाजायला धावावं लागलं. चंदीगडला राहून तू विसरला असशील, पण इथे संध्याकाळी वीज येते ती नुसती हजेरी लावायला. हीटर मी पलंगाखाली सरकवला आहे. त्यावर मांजर झोपतं.

आता कामाचं. मी तुला शेगडीबद्दल विचारलं होतं. तुझं उत्तर आलं एका ओळीचं: "छपराला हात लावू नका, घर माझ्या नावावर आहे." बरं झालं सांगितलंस! आम्हाला वाटलं होतं, घर मांजराच्या नावावर आहे. आपल्या किन्नौरात मुलीच्या नावावर काय होतं ते मला कोणी शिकवायला नको. पाण्याचा हंडा होतो आणि गाय होते, तीही दूध देते तोवर.

पण मी वाटणी मागितलेली नाही. मी एका नळीपुरतं भोक मागितलंय, तेही आपल्या आईसाठी. आमा अजून घराच्या मधोमध उघड्या चुलीपाशी बसते. धूर आधी तिच्या छातीत जातो, मग डोळ्यांत, आणि उरला तर वळचणीच्या फटीतून बाहेर. सांगल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की अजून एक हिवाळा या धुरात काढला तर पुढचं ते बघू शकणार नाहीत. म्हणून मला घर उबवणारा, बंद तोंडाचा लोखंडी तंदूर हवाय, आणि त्याची नळी सरळ छपरातून वर जायला हवी. शाळेत मी तिसरीच्या पोरांना समजावते तसं तुला समजावतेय.

बाबा गेल्यावर तू पोचलास आणि आमाला म्हणालास, चल चंदीगडला. ती नाही म्हणाली. "मग बसा इथेच गारठत," असं म्हणून तू सकाळची बस पकडलीस, तो आजतागायत इकडे फिरकला नाहीस. ठीक आहे. आम्ही बसलो आहोत. पण गारठतच बसलं पाहिजे असा काही नियम आहे का?

फोनवर बोलायचं तर जियालालच्या दुकानात निम्मा बाजार कान टवकारून उभा असतो, आणि तू मध्येच फोन ठेवतोस. पत्र मध्येच ठेवता येत नाही. म्हणजे येतं, पण मला ते दिसत नाही.

बहिणीला दाऊ म्हणतोस ना, मग लवकर उत्तर दे. लाकूड फोडून ठेवलंय.

तुझी दाऊ,
बुधमणी


१७ नोव्हेंबर १९९८

देवसुख,

तुझं पाकीट मिळालं. पत्र नाही, होकार नाही, नुसतं मासिकातून कापलेलं चित्र. चित्रात काचेच्या दाराची शेगडी, तिच्यापुढे गालिचा आणि गालिच्यावर पांढरंशुभ्र कुत्रं. मागे तुझ्या अक्षरात "अशी बघ". कुठे बघू? बस्पा नदीच्या पुलावर? शेगडी सोड, ते कुत्रं कुठे मिळतं तेवढं कळव.

तरी मी शाळेतून रजा घेतली आणि रामपूरला लवीच्या जत्रेत जाऊन आले. घोडे, पश्मिना, चिलगोजे, सगळं ओलांडून लोहारांच्या रांगेत गेले. मी एकटी बाई तंदूर ठोकून बघतेय म्हटल्यावर प्रत्येक जण विचारी, "भाईसाहेब नाही आले?" मी म्हटलं, भाईसाहेब कुत्रं शोधताहेत.

दोनच तंदूर घेण्यासारखे होते. एक जाड पत्र्याचा, आतून विटा लावलेला, वर दोन भांडी बसतील असा. तो सावकाश तापतो आणि आग विझली तरी कितीतरी वेळ ऊब धरून ठेवतो. आपल्या घराला तोच हवा होता. घर जुनं, भिंती दगड-लाकडाच्या, त्या एकदा तापल्या की तापल्या. पण त्याच्या लोहाराने आधीच बजावलं, "बहेनजी, याची नळी सरळ वर गेली पाहिजे. वाकडी नेणार असाल तर हा नेऊच नका." दुसरा पातळ पत्र्याचा, हलका. लगेच लाल होतो, लगेच गार पडतो. त्याची नळी कशीही वळवा, विकणारा म्हणे, काही होत नाही.

तुझा होकार नव्हता. मी पातळ घेतला.

हे लिहितानासुद्धा माझ्या कपाळावरची शीर उडतेय. मला जो हवा होता तो समोर होता, आणि मी जो नको तो उचलून बसवर चढवला, कारण चंदीगडातल्या एका माणसाला छपराची काळजी आहे. ज्या छपरावरचं बर्फ दर हिवाळ्यात मी ओढते!

लायकराम मिस्त्रीने तंदूर बसवला. नळी खिडकीतून बाहेर काढली, दोनदा वळवून. खिडकीची एक फळी गेली, छपराला धक्का नाही. खूश?

आमाला तो अजिबात आवडला नाही. "आग दिसत नाही," म्हणाली. मी म्हटलं, आमा, आग आत आहे. तर म्हणते, "आत असेल. देवसुखपण चंदीगडात आहेच."

मी हसले नाही. म्हणजे तिच्यासमोर नाही.

बुधमणी


४ डिसेंबर १९९८

देवसुख,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. "तुझ्या हट्टापायी आमा मेली असती" असं तू लिहिलंस. मी तुला कळवायच्या आधी जियालालने फोन करून सांगितलं, आणि त्याने ते कुणाकडून तरी ऐकलं होतं. तेव्हा जे झालं ते आता माझ्याकडून ऐक.

गेल्या शुक्रवारी शाळा दुपारीच सुटली. थंडी मी म्हणत होती. मी घरी आले, खाली गोठ्यात गायीला चारा घातला. वरून आमाची हाक नाही, खोकला नाही. मला वाटलं, बरं वाटतंय तिला. आधी बरंच वाटलं मला, हे लक्षात घे.

वर गेले तर ती खांबाला टेकून बसलेली, मान एका बाजूला. डोळे अर्धे उघडे. मी "आमा" म्हटलं, उत्तर नाही. खोलीत धूर म्हणावा तर फारसा नव्हताच, तोच तर घात. नळीच्या झडपेकडे बघितलं तर ती पूर्ण बंद. नळी बाहेरून चाचपली तर वळणावर काजळी आणि चिकटा साचून तोंड जवळजवळ बुजलेलं. वारा नदीकडून उलटा येत होता. आमाला वाटलं होतं, सगळी ऊब नळीतून पळून जातेय. म्हणून तिने झडप लावून टाकली. आयुष्यभर काटकसर केलेली बाई, तिला ऊब वाया गेलेली बघवेना!

मी तिला काखेत धरून सज्जात ओढलं. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. तिच्या तोंडावर ते पडलं तेव्हा तिने पापण्या हलवल्या. मग ओकली. मग मला म्हणाली, "दार लाव, गार येतंय." मी तिथेच रडायला लागले, आणि ती मला विचारत होती, कोण गेलं?

डॉक्टर येऊन गेले. डोकं दुखतं, पण आता बरी आहे. आजच तिने माझ्या थुक्प्यात मीठ कमी म्हणून तोंड वाकडं केलं.

आता माझा हट्ट कोणता ते तूच सांग. मी सरळ नळी मागितली होती, वाकडी तू करायला लावलीस. तंदूर मी आणला, हे खरं. झडप आमाने लावली, हेही खरं. पण ते दोनदा वळलेलं लोखंड तुझ्या एका ओळीचं आहे. मी ते काढून फेकून दिलंय, आणि आम्ही पुन्हा उघड्या चुलीपाशी आहोत. ती पुन्हा खोकतेय.

रस्ता बंद व्हायच्या आत जीप पाठवून आमाला घेऊन जाणार, असं तू लिहिलंस. आमाला मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जीप येऊ दे. जीपमध्ये काय वाईट आहे?" यातून तिचा होकार आहे की नाही ते मला कळलं नाही. तुला कळतंय का बघ.

बुधमणी


१६ डिसेंबर १९९८

देवसुख,

तू पाठवलेली जीप आली. त्यात ड्रायव्हर होता, आमासाठी नवी रजई होती, आणि मागच्या सीटवर मनालीचे कुणी सूदसाहेब होते. त्यांच्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नव्हतंस.

माणूस सभ्य आहे, हे कबूल केलं पाहिजे. बूट बाहेर काढले. आमाला "माताजी" म्हणाले. मग खिशातून टेप काढून खांब मोजायला लागले. मला वाटलं, तू शेगडीसाठी कुणी जाणकार पाठवलास! मी मूर्खासारखी त्यांना छताची उंची सांगत होते, वारा कुठून येतो ते सांगत होते. ते मान वर करून आपल्या मधल्या छताकडे बघत राहिले. देवदारात कोरलेलं ते मोठं कमळ आजोबांच्या हातचं आहे. बोटाच्या पेराने फळी वाजवून म्हणाले, "हे अखंड निघेल ना? खालच्या हॉलमध्ये अगदी हेच हवंय."

मी विचारलं, कुठल्या हॉलमध्ये?

तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "देवसुखजींनी सांगितलं नाही? घर मी विकत घेतोय, हे छत माझ्या मनालीच्या हॉटेलात जाणार. चैत्रापर्यंत घर रिकामं होईल म्हणाले होते."

आमा चुलीपाशी मीठ घातलेला चहा घुसळत होती. तिने त्यांना वाटी भरून दिली, ओगल्याच्या पिठाचा चिल्टा दिला, गरम धिरड्यावर लोणी घातलं. मग विचारलं, "साहेब, हे छत तुम्हाला अखंड हवं का?"

"माताजी, अखंड असेल तरच. नुसतं लाकूड काय, कुठेही मिळतं."

"बरं," आमा म्हणाली. "अजून एक घ्या."

ते जेवून जरा गावात फिरायला गेले. आमाने मला सांगितलं, "लायकरामला बोलाव. करवत घेऊन ये म्हणावं. आणि रामपूरचा तो जाड तंदूर, तो माझी हातातली पोंची विकून आण."

मी म्हटलं, आमा, नळी कोपऱ्यातून नेऊ. कमळाला कशाला हात लावायचा? आजोबांनी दोन हिवाळे खपून कोरलंय ते. ती म्हणाली, "कोपऱ्यातून नळी गेली तर शेगडी कोपऱ्यात बसेल. मला मध्ये हवी."

"देवसुख नाही म्हणालाय."

"घर त्याच्या नावावर आहे. छप्पर माझ्या डोक्यावर आहे."

लायकराम घाबरला. त्याला वाटलं, देवता कोपेल, आणि देवता नाही कोपली तर तू कोपशील. मग आमाच काठी टेकत देवळापर्यंत गेली. पालखी बाहेर काढायला लावली, विचारलं. पालखी पुढे झुकली, म्हणजे होकार. परत येऊन म्हणाली, "देवतेला विचारलं. आता चंदीगडला विचारायची गरज नाही."

संध्याकाळच्या आत कमळाच्या मध्याला भोक पडलं. करवतीचा पहिला आवाज आला तेव्हा मी बाहेर निघून गेले. मला ते ऐकवेना. गेली कित्येक वर्षं मी सकाळी डोळे उघडले की आधी ते कमळ बघते. आमा मात्र खालीच बसून होती, भुसा तिच्या टोपीवर पडत होता आणि ती लायकरामला सांगत होती, "अजून थोडं. नळी कशी मोकळी गेली पाहिजे."

सूदसाहेब परत आले, वर बघितलं आणि टेप खिशात घातली. जाताना आमाच्या पाया पडले. रजई आम्ही ठेवून घेतली. ड्रायव्हरबरोबर तुझ्यासाठी सफरचंदांची पेटी दिली आहे. आमा जीपमध्ये बसली नाही.

मला तुझा इतका राग आला आहे की पुढे लिहिलं तर काहीतरी वाईट लिहीन.

बुधमणी


२२ जानेवारी १९९९

देवसुख,

रस्ता मध्ये खुला झाला तेव्हा तुझं पत्र आलं. इतकं लांब पत्र तू मला कधीच लिहिलं नव्हतंस.

बाबा गेले तेव्हा तू टापरीला अडकला होतास, रस्त्यावर दरड, वर बर्फ, आणि इकडे आम्ही बाबांना घेऊन थांबू शकलो नाही, तुझ्याशिवायच अग्नी दिला. ते मला माहीत होतं. पण तेव्हापासून फोन वाजला की तुला आमाच गेली असं वाटतं, आणि माझी भावजय गुरमीत तुझ्या आधी धावत जाऊन फोन उचलते, हे मला माहीत नव्हतं. घरच राहिलं नाही तर आमा आपोआप खाली येईल असं तुला वाटलं. म्हणून विकायला निघालास, पैशांसाठी नाही. मी यावर विश्वास ठेवते. तू वाईट नाहीस, हीच तर माझी पंचाईत आहे. वाईट असतास तर एकदा शिव्या देऊन मोकळी झाले असते.

पण अरे गाढवा, आमाला विचारायचं ना! मला विचारायचं ना!

तुझं पत्र मी आमाला मोठ्याने वाचून दाखवलं. नवा तंदूर मध्ये धडधडत होता. जाड पत्रा, विटा, सरळ वर गेलेली नळी. चार माणसांनी सडकेवरून उचलून आणला आणि खाली आधाराला अजून एक खांब लावावा लागला. भिंतींनी तापायला काही दिवस घेतले, पण आता आमा घरात शाल न घेता बसते. खोकला रात्रीचा पूर्ण थांबलाय. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि दोनदा ऐकलं. चुलीपाशी ती बसायची त्याच जागेवर मी तिची गादी घातलीये. धुराची सवय इतकी होती की पहिले काही दिवस तिला जेवण बेचव लागलं, त्याचा दोष अर्थात माझ्या हाताला.

तर मी वाचत होते. चंदीगडच्या फ्लॅटमध्ये आमाची खोली, पूर्वेची खिडकी. जवळच हॉस्पिटल. गुरमीतने आमासाठी गुरुद्वाऱ्याशेजारची बाग बघून ठेवलीये, बसायला बाक आहेत. सगळं वाचून झालं. आमाने विचारलं, "आणि बुधमणी कुठे झोपणार?"

मी कागद उलटून बघितला. मागे काही नव्हतं.

"लिहायचं राहिलं असेल," मी म्हटलं.

तंदूरचं दार उघडून आमाने एक लाकूड आत सारलं आणि दार लावून घेतलं.

मी बाबांच्या आजारपणात नोकरीची बदली नाकारली, दोनदा जमत आलेलं लग्न होऊ दिलं नाही, हे मी कधी बोलून दाखवलं नाही आणि आताही दाखवत नाहीये. मला इथेच राहायचं होतं, माझ्या खुशीने राहिले. पण चैत्रात तू घर रिकामं करणार होतास. आमा तुझ्या पूर्वेच्या खिडकीत. मग मी कुठे? शाळेच्या पडवीत? हा विचार तुझ्या डोक्यात आलाच नाही, की आला आणि तू तो बाजूला ठेवलास? कुठलंही उत्तर दिलंस तरी मला राग येणार आहे, तेव्हा सावकाश दे.

बुधमणी


१९ मार्च १९९९

देवसुख,

हे पत्र आमाच्या हातानेच तुला मिळेल. हो, आमाच्या. जियालालच्या फोनवरून निरोप दिला होता, तेव्हा बसस्टँडवर वेळेवर आला असशील. तिला उभं करून ठेवलं नसशील, अशी आशा आहे.

मला काही विचारू नकोस, मीच चक्रावून गेले आहे. अख्खा हिवाळा आमा या घरातून हलायला तयार नाही म्हणून मी तुझ्याशी भांडले, रजा काढल्या, लोहारांची बोलणी खाल्ली, आजोबांचं कमळ कापलं, आणि आता घर असं उबदार झालंय की सफरचंदाच्या छाटलेल्या फांद्यांवर दिवस निघतो, तर बाईसाहेब म्हणतात, "मला चंदीगडला सोड." मी म्हटलं, आमा, आत्ता? आता तर थंडी सरली! तर म्हणे, "म्हणूनच. आता मी नसले तरी तंदूर तू सांभाळशील."

तेव्हा मला वाटलं, शेवटी मुलगाच. मी तिची बोचकी बांधत होते आणि माझं तोंड बहुतेक आंबट झालेलं असणार, कारण तिने मला हाताला धरून खाली बसवलं.

"वेडी आहेस का?" ती म्हणाली. "मी राहायला जात नाहीये. कामाला जातेय."

"कसलं काम?"

"त्याने पत्रात सगळं लिहिलं. खोली लिहिली, खिडकी लिहिली. तुझं लिहिलं नाही. ते मी त्याच्याकडून लिहून घेणार आहे. तहसीलच्या कागदावर."

मी म्हटलं, आमा, आपल्यात असं होत नाही. मुलीच्या नावावर घर कोणी करत नाही. गाव काय म्हणेल?

"भावाने आपण होऊन बहिणीला दिलं तर गाव काय म्हणणार? आणि म्हणालं तर मला ऐकू कमी येतं."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

त्यावर तिने रजई नीट घडी करून बोचक्यात घातली. तू पाठवलेलीच. मग म्हणाली, "मग मी बसेन तिथे. मला कुठे घाई आहे?"

तेव्हा देवसुख, आता नीट वाच. तिला चहा मिठाचा लागतो, साखरेचा दिलास तर पिईल आणि मग दिवसभर तुला ऐकवेल. पहाटे ती उठून भांडी वाजवते. गुरमीतला सांग, रागावू नकोस, ती मुद्दाम करत नाही. म्हणजे इथे मुद्दाम करत नव्हती, तिथलं मी सांगू शकत नाही. तुमच्या बागेतल्या बाकावर ती बसेल आणि जो शेजारी येईल त्याला, तिच्या मुलाने बहिणीला घराबाहेर काढायचं ठरवलं होतं, ही गोष्ट पहिल्यापासून सांगेल. तिला पंजाबी येत नाही, पण तिने हे हातवाऱ्यांनी सांगायची तालीम माझ्यासमोर केली आहे. छान जमतं तिला.

मी तिला म्हटलं नाही की कर. आणि नको करूस असंही म्हटलं नाही.

तू तिला इतकी वर्षं बोलावत होतास. घे, आली. तुझ्याकडे ती आनंदात राहील, आणि तू कागद करून देईपर्यंत तिथून हलणार नाही.

तुझी दाऊ,
बुधमणी